बोटांना दोष देण्याआधी नेक बघ

कोल्हापूर, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, ऑनलाइन कॉम्बोत, म्हणजे अ‍ॅम्पसकटच्या संचात, घेतलेली चार तारांची बेस गिटार, चार महिने झाले. पाचव्या-सातव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्टीवर, सगळ्यात जाड ई तार दाबताना बोट सोलवटतं आणि बाराव्याच्या वर गेलं की तार खडखडते. सर म्हणतात बोटं कच्ची आहेत, रियाज वाढव. म्हणून आता ही विकून, पदरचे घालून 15 हजारांत पाच तारांची घेऊ का, असं तू विचारलं आहेस.

वाचता वाचता माझा चहा गार झाला. गावाचं नाव बदललं तर हा 2015 सालचा मीच आहे. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

आधीच सांगून टाकतो. मी शिक्षक नाही, दुकानदार नाही, लूथियर, म्हणजे गिटार बनवणारा, तर नाहीच नाही. ऑफिसातून आल्यावर अर्धा-पाऊण तास वाजवणारा आणि गणपतीत सोसायटीच्या ऑर्केस्ट्रात मागे उभा राहणारा माणूस आहे. गिटार हातात न घेता केलेलं निदान चुकू शकतं. तारांची नावं, ट्यूनिंग वगैरे तुला येत असणार, ते सोडून देतो.

विकू नकोस. आज तरी नको. तू सांगितलेली लक्षणं, म्हणजे मधल्या फ्रेटवर तार उंच आणि वरच्या फ्रेटवर खडखड, ही कच्च्या बोटांपेक्षा पुढे वाकलेल्या नेकची जास्त वाटतात. चारही तारांचा मिळून ताण साधारण 70 ते 80 किलोच्या घरात जातो. म्हणजे एक अख्खा माणूस चोवीस तास त्या लाकडाला लोंबकळतोय असं समज. त्याला उलटा जोर द्यायला नेकच्या आत पोलादी सळी असते, तीच ट्रस रॉड. कारखान्यातून निघून, गोदामात पडून, ट्रकमधून हिंडून, ऐन पावसाळ्यात तुझ्या घरी आलेलं लाकूड सरळ राहिलं असेल ही अपेक्षाच चूक. पावसाळ्यात नेक हलते. कुठल्या बाजूला हलेल हे लाकडागणिक वेगळं, पण हलते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. तारा नेहमीच्या सुरात लाव. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, नसेल तर मित्राला बोट ठेवायला सांग. नेक जिथे बॉडीला मिळते, साधारण सतराव्या फ्रेटजवळ, तिथे ई तार दाबून धर. आता आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या मध्ये किती फट आहे बघ. 0.3 मिमीच्या आसपास हवी, म्हणजे एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग वर्कशॉपमधला किंवा गॅरेजवाल्याचा टॅपेट सेट करायचा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, माग. 0.3 ची पाती त्यात असतेच. तीन-चार कार्डं आरामात जात असतील तर तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि बोटांना माफ कर.

आता माझं काय झालं ते सांगतो. लांबेल, पण खरं उत्तर त्यातच आहे.

साडेअकरा हजारांना घेतली होती पहिली बेस. पहिल्या पगारातून नाही, तिसऱ्या. पहिले दोन घरभाड्याच्या डिपॉझिटात गेले. सहा-सात महिने मी बोटं कच्ची आहेत याच श्रद्धेवर वाजवलं. मनगटाला क्रेप बँडेज बांधून वाजवलं. जुलैत तर बाराव्या फ्रेटवर तार इतकी उंच गेली की खालून पेन्सिल जाईल. तेव्हा कोणीतरी म्हणालं, सेटअप करून घे, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून घे. मी शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. नाव सांगत नाही. दुकान अजून चालू आहे आणि मला भांडण नको. बाहेर रिपेअरिंगचा बोर्ड होता, आत तबले, हार्मोनियम, सिंथेसायझर, सगळं एकाच टेबलावर.

त्या माणसाने बेस हातात घेतली, नेककडे एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, ‘रॉड कसायला लागेल.’ निदान बरोबर होतं, हे मुद्दाम सांगतो. पण तारा सैल न करता, पूर्ण ताणावर, त्याने ड्रॉवरमधल्या हाताला येतील त्या अ‍ॅलन की घालून बघायला सुरुवात केली. माझ्या गिटारच्या ट्रस रॉडचा नट इंचाच्या मापातला होता, 3/16, म्हणजे 4.76 मिमी. त्याच्याकडे सगळ्या मिलिमीटरच्या. पाच जाईना, साडेचार सैल बसे. त्याने साडेचारचीच घातली, कागदाचा कपटा कोंबून. एकदा सटकली, दोनदा सटकली. मग की वर पाईप चढवून जोर लावला. सबंध एक फेरा. मग अजून अर्धा.

मग आवाज आला. कट्. सुपारी अडकित्त्यात फुटते तसा.

मी विचारलं, काय झालं? म्हणाला, ‘काही नाही, रॉड बसला जागेवर.’ आणि मी मान डोलावली. एवढंच नाही, 800 रुपये दिले, थँक्यू म्हणालो आणि पावती मागितली नाही. माझी सगळ्यात महागडी चूक ही. गिटार निवडण्यात मी फार चुकलो नव्हतो. आपल्याला काही कळत नाही आणि समोरच्याला कळत असणारच, असं धरून मी तो आवाज गिळला.

पंधरा दिवसांत तारा पहिल्यापेक्षा उंच. परत गेलो तर म्हणे, ‘आमच्याकडे आली तेव्हाच रॉड गेलेला होता.’ पावती? नाही. आधीचा फोटो? नाही. ‘तुम्ही सोसायटीत कुठे आपटली असेल.’ तीन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला तो माणूस जेवायला गेला होता, तिसऱ्या खेपेला तो माणूसच तिथे कामाला नव्हता. शेवटी खरोखर गिटार बनवणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने नट उघडून दाखवला: षटकोन झिजून गोल झालेला, आत सळीचा आटा तुटलेला. नवी नेक बसवायचे साडेसात हजार सांगितले. साडेअकराच्या गिटारला.

नाही बसवली. मोडका पाय आणि नव्या बुटांचा हिशोब जमला नाही. बॉडी विकली, आणि ती नेक अनेक वर्षं आमच्या आईने गॅलरीत तोंडलीच्या वेलाला आधार म्हणून उभी केली होती. तोंडली मात्र भरपूर आली.

तर आता तुझ्यासाठी, जरा ठामपणे. ट्रस रॉडला हात लावण्यात काही पाप नाही, पण नियम आहेत. पाना कुठल्या मापाचा, मिलिमीटर की इंच, ते तुझ्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघ. घट्ट बसत नसेल तर फिरवूच नकोस. तारा थोड्या सैल कर. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. परत सुरात लाव, रात्रभर ठेव, उद्या मोज. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सहसा कसतो आणि वाकलेली नेक सरळ होत जाते. जोर लागतोय असं वाटलं की थांब. नेक जमली की मग ब्रिजवरची सॅडल, म्हणजे बॉडीकडे तार जिच्यावर टेकते तो तुकडा, खाली-वर करून उंची ठरवायची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिमीच्या आसपास असली की सुखाने वाजते. क्रम उलटा करू नकोस. सॅडल खाली करून वाकलेल्या नेकवर पांघरूण घालणारे महाभाग खूप आहेत.

आणि दुसऱ्याला दाखवायचीच असेल तर आधी त्याच्याकडे माप विचार: ‘किती रिलीफ ठेवता?’ रिलीफ म्हणजे आठव्या फ्रेटजवळची तीच फट. ज्याला हा प्रश्न समजला नाही त्याच्याकडून गिटार उचल आणि घरी ये. देण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ, आणि पावती. 800 रुपयांची असली तरी पावती.

पाच तारांबद्दल: या बजेटात नको, असं माझं मत. खालची बी तार 30.87 हर्ट्झची. स्वस्त बेसवर, त्यात सेटअप नीट नसेल तर, ती तार सूर कमी आणि दोरीवर उडी मारल्यासारखा आवाज जास्त काढते. तुमच्या गायकाला खालची पट्टी हवी म्हणून घेत असशील तर ई तार डी वर उतरव, काम भागतं. आणि ई तरी कुठे नीट ऐकू येते आपल्याला? मोकळी ई 41 हर्ट्झची. मोबाईलच्या स्पीकरवर ती येतच नाही, फक्त तिच्या वरचे स्वरांश येतात. म्हणून मोबाईलवर गाणं लावून ‘बेस ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी बरे हेडफोन घ्यावेत.

अ‍ॅम्पचंही तेच. कॉम्बोत आलेला तो डबीएवढा अ‍ॅम्प कपाटात टाक. साध्या, सहा तारांच्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर बेस हळू आवाजात चालवलीस तर फार बिघडणार नाही, पण आवाज मोठा केलास तर स्पीकरचा पडदा फाटू शकतो. हॉस्टेलवर किंवा खालच्या मजल्यावर आजोबा झोपत असतील तर गिटारमध्येच खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प उत्तम. व्हॉक्सचा अ‍ॅम्पप्लग बेस मी बरीच वर्षं वापरला. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर तेही नको.

खरंच नवी घ्यायची वेळ आली तर यामाहाची टीआरबीएक्स 174, आयबानेझची जीएसआर 180, स्क्वायर अफिनिटी, कोर्टच्या सुरुवातीच्या बेस, यांत कुठलीही वाईट नाही. भाव सतत हलतात, म्हणून आकडे देत नाही. यातली कुठली ‘सर्वोत्तम’ यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात, मला त्यात रस नाही. दुकानात जाऊन चार हातात घे, ज्याची नेक सरळ आणि जी बसून मांडीवर ठेवली की डोक्याकडून खाली झुकत नाही, ती घे. हात लहान असेल तर 30 इंची शॉर्ट स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कमी असलेली बेस, बघायला लाज कसली. नेहमीची 34 इंची असते, पण पॉल मॅकार्टनीने बीटल्सबरोबर वाजवलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर शॉर्ट स्केलच होती. आणि जेवढं बजेट असेल त्यातले दीड-दोन हजार सेटअपला आणि तारांना बाजूला काढ. हे नाही केलंस तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही.

सेकंडहँड जरूर बघ. तुझ्यापासून गोवा फार लांब नाही, तिथे आणि वसईकडे चर्चमध्ये, बँडमध्ये वाजवणारी मंडळी गिटार जपून ठेवतात, असा माझा अनुभव. फक्त जाताना फीलर गेज खिशात ठेव.

शिकण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे प्रत्येकाचं मत वेगळं. स्टडीबेस ही वेबसाइट फुकट आहे, लिहिलेले धडे आहेत, क्रमाने जा. टॉकिंग बेसचे व्हिडिओही चांगले. एका वेळी एकच धर. मी चार कोर्सचे पहिले तीन धडे चारदा केले आहेत. पहिल्या पाच फ्रेटमध्ये चार फ्रेटला चार बोटं ताणायचा हट्ट सोड. डबल बेसवाले तिथे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तसंच कर, मनगट वाचेल. टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं) बघून वाजवणं वाईट नाही, पण कान बंद होतात. पंचमदांची जुनी गाणी हेडफोनवर लाव आणि टोनी वाझ यांचा बेस शोधून काढ. एक ओळ सापडायला आठवडा लागला तरी चालेल. तबला शिकलेली पोरं बेस लवकर पकडतात असं मी पाहिलंय. तुझ्या ग्रुपमध्ये कोणी असेल तर मेट्रोनोमऐवजी त्याला बसव.

तारा बदलायची घाई नको. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन याने फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत असं सांगतात. आपल्या घामाला आणि दमट हवेला राउंडवाउंड (गोल, खरखरीत वेटोळ्याच्या) तारा लवकर मरतात हे खरं, पण वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायची सवय लावलीस तर बराच काळ चालतात. गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नकोस, कोल्हापुरात जुलैत ती भिंत ओल सोडते. आणि बाईकवर पाठीला लावून जाशील तेव्हा लक्षात ठेव, तुझ्या हेल्मेटच्या वर अजून वीतभर गिटार आहे. पार्किंगच्या शटरखालून जाताना मी एकदा विसरलोय. त्याबद्दल पुन्हा कधी.

चूकभूल द्यावी घ्यावी. आठव्या फ्रेटची फट आणि सतराव्यावरची उंची, दोन्ही मोजून टाक. मॉडेलचं नाव आणि ट्रस रॉडच्या टोकाचा जवळून फोटोही दे, पाना कुठला ते बघू. तोवर कोणालाही तो फिरवू देऊ नकोस, सरांनाही नाही.