पुण्यात राहून, हातात फक्त मोबाईल असताना, कॅमेरा आणि संकलन कसे शिकावे?

तुम्ही पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दहा मिनिटांचा लघुपट करायची इच्छा आहे आणि हाताशी एक मोबाईल व जुना लॅपटॉप आहे; अशा वेळी आधी कॅमेरा विकत घ्यावा, एखाद्या क्लासला जावे की एडिटिंगचे सॉफ्टवेअर शिकायला घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी संकलनाचे काम करते आणि महाविद्यालयीन मुलामुलींच्या लघुपटांचे फुटेज माझ्याकडे नेहमी येत असते, त्यामुळे माझे उत्तर संकलनाच्या बाजूने आहे. कॅमेरा आणि संकलन हे दोन स्वतंत्र विषय मानून एकामागून एक शिकू नका. लहानसे काही चित्रित करा, ते त्याच संध्याकाळी जोडायला बसा आणि जोडताना जे कमी पडले ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन चित्रित करा. शॉट कोठून घ्यावा आणि किती वेळ धरावा, हे कॅमेऱ्यामागे उभे राहून पूर्णपणे उमगत नाही. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने मांडायच्या पट्टीवर, दोन शॉट एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा ते नेमके कळते.

मोबाईल पुरेसा आहे, मात्र त्याला स्वतःच्या मर्जीने निर्णय घेऊ देऊ नका. ऑटोवर ठेवलेल्या मोबाईलसमोर पांढरा सदरा घातलेला माणूस आला की संपूर्ण चित्र काळवंडते, तो निघून गेला की पुन्हा उजळते, आणि ट्यूबलाइटखालून खिडकीकडे वळताना भिंतीचा रंगच बदलतो. एकाच खोलीतले असे दोन शॉट शेजारी ठेवले तर ती दोन वेगवेगळ्या घरांतली खोली वाटते, आणि ग्रेडिंग करून, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारून, ही उणीव पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून एक्सपोजर (चित्राचा उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (दिव्याप्रमाणे रंगांचा तोल) या तीनही गोष्टी शॉट सुरू होण्यापूर्वी ठरवून लॉक करता येतील असे ॲप घ्या. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ आणि अँड्रॉइडवरचे ‘ओपन कॅमेरा’ ही दोन्ही ॲप मोफत मिळतात.

आता आकड्यांकडे वळू. सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) आणि शटर स्पीड १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश, ही जोडी डोळे मिटून पाठ करू नका, तिच्यामागची कारणे समजून घ्या, कारण तीच पुढे प्रत्येक कॅमेऱ्यावर उपयोगी पडतात. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर १/५० वर असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये त्या चढउताराची बरोबर दोन आवर्तने मावतात आणि सर्व फ्रेमना सारखाच प्रकाश मिळतो. १/१०० वर एक आवर्तन मावते, तेव्हाही चालते. बहुतेक मोबाईल मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेले असतात आणि त्याला साजेसे १/६० शटर ठेवले की आवर्तने अर्धवट तुटतात. मग पडद्यावर चित्र लुकलुकते किंवा आडवे पट्टे सरकताना दिसतात. दुसरे कारण हालचालीचे. फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडे राहिले, म्हणजे २५ फ्रेमला १/५०, की चालणाऱ्या माणसाच्या हातापायांना सिनेमात आपण नेहमी पाहतो तेवढाच पुसटपणा येतो. भर उन्हात ऑटोवरचा मोबाईल शटर १/१००० किंवा त्याहूनही वेगवान करतो आणि तीच चाल तुटक, खडबडीत दिसू लागते.

बहुतेक मोबाईलचे ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र, बदलता येत नाही, तेव्हा शटर १/५० वर ठेवून उन्हात चित्रीकरण करायचे तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, सर्वात खाली आणावा लागतो आणि तरीही प्रकाश जास्त होतो. त्यासाठी भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावतात; तो नसेल तर सावलीत काम करा. पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे दिसतात. परीक्षा संपल्यावर मे महिन्यातच सगळ्यांना चित्रीकरण सुचते, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे. सकाळी नऊच्या आत उरका, किंवा वाड्याची ओसरी, सोसायटीचा जिना, झाडाची दाट सावली अशा जागी माणसाला कडेशी उभे करा, म्हणजे उघड्या आकाशाचा मऊ प्रकाश एका बाजूने चेहऱ्यावर येईल. दुसऱ्या बाजूला पांढरे कार्डशीट धरले की उरलेला अंधारही हलका होतो.

पहिल्या सरावासाठी कथा घेऊ नका, एखादे काम घ्या. दादासाहेब फाळके यांनीसुद्धा चित्रपटासाठी भांडवल उभे करताना आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून पडद्यावर दाखवली होती. कामाला स्वतःचा आरंभ आणि शेवट असतो, त्यामुळे तुम्हाला फक्त पाहायचे कसे एवढ्यावरच लक्ष देता येते. मी विद्यार्थ्यांना गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांकडे पाठवते. त्यांना आधी विचारा, धंद्याच्या गर्दीची वेळ टाळा आणि झालेले काम त्यांना नक्की दाखवा. शक्यतो शाळेचे गणवेश इस्त्रीला आलेले असतील तो दिवस निवडा, कारण सगळे शर्ट पांढरे आणि एकसारखे असतात. काका प्रत्येक शर्टाला जवळजवळ त्याच क्रमाने हात घालतात: पाण्याचा हबका, कॉलर, बाह्या, पाठ, पुढची बाजू, मग घडी. म्हणजे एकच मोबाईल असूनही एका शर्टाला लाँग शॉट (लांबून), दुसऱ्याला मिड शॉट (कमरेपासून वर), तिसऱ्याला हातांचा क्लोजअप (अगदी जवळून), चौथ्याला चेहरा असे घेता येते आणि जोडल्यावर तो एकच शर्ट वाटतो. काकांना ‘पुन्हा एकदा करा’ असे म्हणावेही लागत नाही.

या साध्या कामात बहुतेक नियम भेटतात. एक्सपोजर पांढऱ्या शर्टावर बघून ठरवा. चेहरा थोडा गडद राहिला तर पुढे उजळता येतो, पण शर्टाच्या चुण्या पांढऱ्यात विरून गेल्या तर त्या कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. काका आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, म्हणजे १८० अंशांच्या आत ठेवा. रेषा ओलांडली की दोघे समोरासमोर असूनही पडद्यावर एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात. शॉट बदलताना कॅमेरा निदान ३० अंश तरी सरकला पाहिजे आणि चौकटीतला आकारही ठळकपणे बदलला पाहिजे, नाहीतर चित्र नुसते दचकल्यासारखे होते. कॅमेरा सुरू केल्यावर क्रिया सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर पाच-पाच सेकंद धरून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये सर्वात जास्त खटकणारी उणीव हीच असते: घडी पूर्ण व्हायच्या आत शॉट बंद झालेला असतो आणि कट कोठे करावा याला जागाच उरत नाही. आणखी एक, टेबलावरच्या कपड्यांच्या ढिगाकडे लक्ष ठेवा. लाँग शॉटमध्ये छातीपर्यंत असलेला ढीग पुढच्याच शॉटमध्ये निम्मा झाला तर काय चुकले हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण चुकल्याचे जाणवेल.

संध्याकाळी संकलनाला बसल्यावर आधी सगळे फुटेज न कापता एकदा पाहा आणि प्रत्येक क्लिपला ओळखू येईल असे नाव द्या. मग शर्ट उलटण्याची क्रिया घ्या. लाँग शॉटमध्ये काका शर्ट उचलतात. तो हवेत असतानाच कट करा आणि क्लोजअपमध्ये तो टेबलावर पडू द्या. नजर हालचालीच्या मागे गेलेली असते, त्यामुळे कट दिसत नाही. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ०.०४ सेकंदाची असते; कट दोन-तीन फ्रेम अलीकडे आणि पलीकडे नेऊन पुन्हा पुन्हा पाहा. इतक्या छोट्या फरकाने जोड कधी खटकते आणि कधी नाहीशी होते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवले की संकलनाविषयी वाचलेले बरेचसे आपोआप समजते. त्यानंतर तेच फुटेज तीन मिनिटांत आणि मग एका मिनिटात बसवा. कॉलरवरून थेट घडीवर यायचे तर मध्ये काय ठेवाल? इस्त्रीतले लाल निखारे, काकांची रस्त्याकडे गेलेली नजर, दोरीवर टांगलेल्या साड्या. असे शॉट घेऊन ठेवले नसतील तर वेळ कमी करताच येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काकांकडे गेलात की सर्वात आधी तेच घेता. चित्रीकरण आणि संकलन एकत्र शिका असे मी वर म्हटले, त्या दोन्हींतली देवाणघेवाण ती हीच.

‘काका, झाले का कपडे?’ हा आवाज हातांच्या क्लोजअपवरच ऐकू द्या आणि गिऱ्हाईक त्यानंतर दाखवा. आवाज आधी आणि चित्र मागून येते याला जे-कट म्हणतात. गिऱ्हाईक बोलत असतानाच आपण काकांच्या चेहऱ्यावर गेलो तर तो एल-कट. संवादांचे प्रसंग जिवंत वाटतात ते बहुतांशी या दोन गोष्टींमुळे, तरी नवशिके प्रत्येक वाक्य संपले की कट करतात आणि प्रसंग प्रश्नोत्तरांसारखा होतो. जोडणी पूर्ण होईपर्यंत संगीत लावू नका, असा माझा आग्रह आहे. संगीत ढिल्या जोडण्या झाकते आणि तुम्हाला त्या ऐन शिकण्याच्या काळात दिसेनाशा होतात.

सॉफ्टवेअरपैकी ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी भरपूर आहे, परंतु तिला बऱ्यापैकी ताकदीचा लॅपटॉप लागतो. तुमचा दमत असेल तर फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यावर काम करा, किंवा ‘शॉटकट’ अथवा ‘केडेनलाइव्ह’ वापरा. कट कोठे करायचा हे कळण्यासाठी तेही पुरेसे आहेत. प्रोजेक्टचा फ्रेम रेट फुटेज आत घेण्यापूर्वीच २५ ठरवा. मोबाईलचे एक वैशिष्ट्य मात्र लक्षात ठेवा: अनेक मोबाईल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, आणि त्यामुळे वेगळा ध्वनिमुद्रित केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो, पण काही मिनिटांनी मागेपुढे होऊ लागतो. असे झाल्यास ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून फुटेज स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. चित्रीकरणाच्या दिवशीच दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

आवाजाकडे विद्यार्थी सर्वात शेवटी पाहतात आणि लघुपट बहुधा तिथेच पडतो. प्रेक्षक किंचित पुसट चित्र सहन करतात, न कळणारे वाक्य सहन करत नाहीत. माइक तोंडाजवळ नेणे हा एकमेव मोठा उपाय आहे. माइक नसेल तर दुसरा मोबाईल कलाकाराच्या सदऱ्याच्या खिशात ध्वनिमुद्रणासाठी सुरू ठेवा आणि प्रत्येक शॉटच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवता येतील. घरात पंखा आणि फ्रिज बंद करा. प्रत्येक जागेची कोणीही न बोलता अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून घ्या; संवादांमधल्या फटी तिने बुजवता येतात. कर्वे रस्त्यालगतच्या घरात संवाद घ्यायचे असतील तर पहाटेची वेळ धरा, आणि वेताळ टेकडीवर जायचे असेल तर माइकला फर किंवा स्पंज चढवल्याशिवाय जाऊ नका, वाऱ्याने सगळे संवाद जातील.

क्लासविषयी थोडक्यात सांगते. विधी महाविद्यालय रस्त्यावर, ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेत पूर्णवेळ अभ्यासक्रमांखेरीज अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही चालतात, त्यांच्या सूचना संकेतस्थळावर पाहत राहा. त्याच रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथले खेळ आणि शहरातल्या फिल्म क्लबचे खेळ पाहा, आणि आवडलेला एखादा प्रसंग घरी आवाज बंद करून पुन्हा पाहत प्रत्येक कट त्याच क्षणी का झाला असावा, हे वहीत लिहा. कलाकारांची चिंता करू नका. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी करणारी मुले तुमच्याच महाविद्यालयात असतील. मात्र रंगमंचाची सवय असलेल्या नटाचा अभिनय क्लोजअपमध्ये फार भडक वाटतो, त्याला त्याचाच शॉट लगेच दाखवा, तो स्वतःहून आवाज आणि हातवारे आवरेल.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, मेट्रो आणि रेल्वे स्थानकांतही विनापरवाना चित्रीकरण करता येत नाही, तेव्हा पहिल्या लघुपटाची संहिता घर, जिना, गल्ली, गच्ची यांत बसेल अशीच लिहा.

कॅमेरा सध्या विकत घेऊ नका. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी न डगमगणारा ट्रायपॉड, मग कॉलरला लावायचा माइक, मग एनडी फिल्टर, या क्रमाने करा. लघुपटासाठी कॅमेरा हवाच असेल तर पुण्यात तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. भाड्याने घेताना एक फिक्स लेन्स (झूम नसलेली) आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या मागा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी २५ फ्रेम, १/५० वर अर्धा मिनिट चित्रित करून ती क्लिप तुमच्याच लॅपटॉपवर उघडते का ते तपासा.