मंजूर नकाशा हाती आला म्हणून बांधकाम सुरू करू नये

मुलुंडचे जुने बैठे घर पाडून तिथे तळमजला अधिक एक मजला बांधायचा आहे, महापालिकेने मंजूर केलेला नकाशा हाती आला आहे आणि कंत्राटदाराच्या मते काम सुरू करायला तेवढा पुरे, असे आपण लिहिले आहे. तो पुरत नाही. मंजुरीचा नकाशा पालिकेच्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी काढलेला असतो: हद्दीपासून किती जागा सोडली, चटईक्षेत्र किती वापरले, जिना किती रुंद. गवंड्याचे प्रश्न निराळे असतात. न्हाणीघराची स्लॅब किती खाली घ्यायची, खिडकीची सिल (खालची कड) कोणत्या पातळीला, कंडुइट (वीजतारांची नळी) कोणत्या भिंतीत उतरणार, हे 1:100 प्रमाणाच्या त्या नकाशात सापडत नाही, आणि मग ते मुकादम जागेवरच ठरवून मोकळा होतो.

म्हणून वास्तुविशारदाकडे वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामासाठीच्या तपशीलवार नकाशांचा, पूर्ण संच मागावा. त्यातला पहिला कागद सेंटर लाइनचा, म्हणजे कॉलमच्या मध्यरेषांचा. एका दिशेच्या कॉलमरेषांना अक्षरे आणि दुसऱ्या दिशेच्या रेषांना आकडे दिलेले असावेत, कारण पुढचे 1:50 चे मजल्यांचे नकाशे, छेद (घर उभे कापून दाखवणारे नकाशे), आरसीसी (सळ्या घातलेले काँक्रीट), प्लंबिंग आणि वीज हे सगळे याच रेषांना धरून चालतात. खोल्यांची मापे आणि भिंतींच्या जाड्या यांची बेरीज बाहेरच्या एकूण मापाशी जुळते का, हे स्वतः पेन्सिल घेऊन पाहावे. बाहेरची 230 मिमीची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासह 260 च्या वर जाते. तेव्हा दिलेले माप विटेचे की गिलाव्यावरचे, हे शीटवर लिहिलेले हवेच. झेरॉक्सवर पट्टी ठेवून माप घेणाऱ्याला वेळीच थांबवावे. लिहिलेले माप तेवढेच खरे.

छेदावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि त्यातही जिन्यावर. मजल्याची उंची 3000 मिमी आणि पायऱ्या 18 धरल्या, तर प्रत्येक पायरी साधारण 167 मिमीची होते आणि सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा उभारणारा) त्या समान उंचीच्याच बांधतो. नंतर दोन्ही मजल्यांवर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून 50 मिमी चढले आणि पायऱ्यांवर ग्रॅनाइट धरून 30 च चढले, तर खालची पहिली पायरी 20 मिमीने बुटकी आणि वरची शेवटची 20 मिमीने उंच होते. माणूस नेमका तिथेच अडखळतो. यासाठी छेदात स्लॅबची पातळी आणि तयार फरशीची पातळी अशा दोन्ही स्वतंत्र दाखवून घ्याव्यात.

आता आमच्या घराची गोष्ट. वास्तुविशारदांनी दुसऱ्या सुधारणेत शौचालयाची भिंत 300 मिमीने बाहेर सरकवली, पण आरसीसीचे ड्रॉइंग पहिल्या आवृत्तीवरूनच निघाले. स्लॅबचा खाली घेतलेला भाग जुन्याच मापाचा ओतला गेला आणि उरलेल्या 300 मिमीच्या पट्टीत पाइप दडवायला तेवढा खोलगटपणाच नव्हता. तिथे आजही एक निरर्थक ओटा आहे. पाहुणे त्यावर साबण ठेवतात. तेव्हापासून प्रत्येक शीटवरचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख पाहिल्याशिवाय मी स्लॅबला होकार देत नाही, आणि जुन्या प्रती साइटवरून परत आणून त्यांवर ‘रद्द’ असे लिहितो.

गच्चीचे शीट वेगळे मागावे. मुंबईच्या पावसात ‘उतार द्यावा’ एवढ्या शेऱ्यावर भागत नाही. 1:100 चा उतार कुठून कुठे, पावसाळी पाइप कोणत्या कोपऱ्यात आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच कशी, हे मोठ्या मापात काढलेले असावे.

राहिला कंत्राटदाराच्या दराचा प्रश्न. दर या संचावर, दारे-खिडक्यांच्या तक्त्यासकट मागवावा. मंजूर नकाशा पाहून सांगितलेल्या चौरस फुटाच्या दरात वॉटरप्रूफिंग बहुधा धरलेलेच नसते, आणि तेच पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून बिलात येते.