निकेल ऑक्साइड: डीओएसमध्ये गॅप आहे, बँडमध्ये नाही? एलमॅक्समिक्स तपासा

तुमचा प्रश्न असा: वास्पमध्ये (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांची गणितं करणारं सॉफ्टवेअर) निकेल ऑक्साइड, यू (डी-इलेक्ट्रॉनांमधल्या तिरस्करणाची दुरुस्ती) ५ इव्ही, डीओएसमध्ये (ऊर्जेनुसार अवस्थांची घनता) गॅप, म्हणजे मधली अवस्थाच नसलेली पट्टी, ३ इव्हीच्या आसपास, आणि त्याच चगकारवरून (साठवलेल्या चार्जची फाइल) आयचार्ज ११ (चार्ज तोच गोठवून ठेवायची सेटिंग) लावून बँड काढले की गॅप जवळजवळ गायब. तुमचं दुखणं लगेच ओळखलं. यात माझा दीड महिना गेला. मदतकक्षाचं उत्तर काय, तर "जॉब नीट संपलाय, मेमरी वाढवून बघा." मेमरीचा इथे काडीचाही संबंध नाही.

अँटिफेरो मांडणी (निम्म्या निकेलांचे स्पिन उलट), मॅगमॉमचा (सुरुवातीच्या चुंबकत्वाच्या यादीचा) क्रम वगैरे तुम्ही बरोबर केलंय असं धरतो.

गोम एलमॅक्समिक्स या सेटिंगमध्ये आहे. डिफॉल्ट २ असतो, म्हणजे अणूच्या आतल्या चार्जचे एल (कोनीय क्वांटम अंक) = २ पर्यंतचेच भाग चगकारमध्ये उतरतात. निकेलच्या घनाकृती परिसरात टी२जी (तीन) आणि ईजी (दोन) या डी-ऑर्बिटलांच्या गटांतला फरक मात्र एल = ४ मध्ये दडलेला असतो. तो भाग गळला की मायनॉरिटी स्पिनचे (ज्या स्पिनचे इलेक्ट्रॉन कमी, त्याचे) तीन इलेक्ट्रॉन पाचही डी-ऑर्बिटलांत सारखे वाटल्यासारखे दिसतात, प्रत्येकी ०.६. दुदारेव पद्धतीत (यू लावायची एक पद्धत) ऑर्बिटलला यू × (०.५ − भरणा) एवढं पोटेन्शियल मिळतं. रिकाम्या ईजीला +२.५ इव्ही हवेत, मिळतात −०.५. ऑक्सिजनशी होणाऱ्या संकरामुळे प्रत्यक्षात फरक ३ इव्हीपेक्षा कमी पडतो, पण कंडक्शन बँडचा (गॅपच्या वरच्या रिकाम्या बँडचा) तळ याच ईजीचा, म्हणून गॅप कोसळतो.

एलमॅक्समिक्स ४ करा (एफ इलेक्ट्रॉन असतील तर ६) आणि एससीएफ (चार्ज स्थिरावेपर्यंतचा मूळ रन) पहिल्यापासून चालवा. नुसत्या बँडच्या रनमध्ये बदलून काही होत नाही, फाइलीतच तो भाग नसतो. खात्रीसाठी एलडीएयूप्रिंट १ (भरणे छापायची सेटिंग) ठेवून एससीएफ आणि बँड, दोन्ही रनच्या आउटकारमधले (निकालाच्या फाइलींतले) भरणे ताडून पाहा: मायनॉरिटीत तीन १ च्या जवळ आणि दोन लहान दिसले पाहिजेत. पाचही ०.६ च्या आसपास असतील तर पुन्हा तेच झालंय.

एक आग्रहाने सांगतो, प्रयोगातला ४.३ इव्ही गॅप गाठायला यू ताणू नका. हा चार्ज ट्रान्सफर इन्सुलेटर आहे, व्हॅलन्स बँडच्या (गॅपच्या खालच्या भरलेल्या बँडच्या) माथ्यावर ऑक्सिजनचा २पी मोठ्या प्रमाणात असतो, त्यामुळे यू जितका वाढवाल तितका गॅप वाढत नाही. वेगवेगळ्या यूच्या एकूण ऊर्जांची तुलनाही करू नका.

हे सगळं पीएडब्ल्यू (वास्पची अणूचा आतला भाग हाताळायची पद्धत) आणि दुदारेवपुरतं. हायब्रिडमध्ये (अचूक एक्सचेंजचा काही भाग मिसळलेली गणितं) आयचार्ज ११ ची ही वाट मुळात चालत नाही.

पुढे आयर्न ऑक्साइड घेणार असाल तर सिमेट्री बंद ठेवा. तिथे मायनॉरिटीतला एकटा टी२जी इलेक्ट्रॉन सिमेट्रीमुळे विभागला गेला, तर यू लावूनही उत्तर धातूच येऊ शकतं.