सभासद तिन्ही मंडळांचा, जबाबदारी एकाचीही नाही

प्रश्न : माझा मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद मंडळ, गिर्यारोहण मंडळ आणि समाजकार्य करणारा एक गट अशा तीन ठिकाणी त्याने नाव नोंदवलं आहे. संध्याकाळ बैठकांत जाते, रात्री ग्रुपवरचे मेसेज चालूच असतात. गेल्या सत्रात गुण घसरले. विचारलं तर ‘बायोडाटात दिसतं’ म्हणतो. हे सगळं बंद करायला सांगू का? — एक वडील

उत्तर : नमस्कार. सगळं बंद करायला सांगू नका. दोन मंडळं मात्र खुशाल सुटू देत, आणि कोणती दोन, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

या तिन्ही ठिकाणी तो नेमकं करतो काय, हे तुमच्या पत्रात नाही. कदाचित तुम्हालाही त्याने ते सांगितलेलं नसेल. बैठकीला बसणं आणि फोटोत उभं राहणं एवढंच चाललं असेल, तर तुमची काळजी रास्त आहे. बायोडाटातल्या ‘सदस्य’ या शब्दापाशी मुलाखत घेणारा थांबतसुद्धा नाही. ‘वार्षिक स्पर्धेचा हिशेब सांभाळला’ असं लिहिलेलं असेल, तर तो मान वर करतो. पैसे कमी पडले तेव्हा काय केलंत? कोणाला नाही म्हणावं लागलं? ही उत्तरं पाठ करून देता येत नाहीत.

तुमचा मुलगा वाणिज्यचा आहे म्हणून सुचवतो, त्याने खजिनदारी मागून घ्यावी. हे पद कोणाला नकोच असतं, त्यामुळे मिळतं लवकर. ताळेबंद वर्गात शिकवतात. पण पावती न आणणाऱ्या जवळच्या मित्राचे पैसे अडवून धरायचे कसे, प्रायोजकाने आयत्या वेळी हात वर केले तर कोणता खर्च आधी कापायचा, हे वर्गात शिकवता येत नाही. शिवाय मंडळात कोणालाच पगार नसतो. काम न करणाऱ्याला काढून टाकण्याची धमकी देता येत नाही, त्याचं मन वळवावं लागतं किंवा त्याच्या वाटचं काम गुपचूप दुसऱ्याकडे सोपवावं लागतं. अधिकार नसताना माणसांकडून काम करून घेण्याचा हा सराव नोकरीच्या पहिल्याच वर्षी उपयोगी पडतो. तिथेही नव्या माणसाच्या हाती अधिकार नसतोच.

दुसरा फायदा ओळखींचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला होता. १९७३ च्या त्यांच्या निबंधात त्याची आकडेवारी आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून होई, तर २७.८ टक्क्यांची क्वचितच. हे आकडे अवघ्या ५४ जणांचे आहेत, म्हणून त्यांवर फार भार टाकू नये. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून. वेगळ्या शाखेची, वरच्या वर्गातली, कॉलेज सोडून गेलेली माणसं एकाच कामात भेटण्याची जागा म्हणजे मंडळ. अर्थात, केलेलं काम आठवलं तरच ती माणसं नाव सुचवतात.

आता गुणांचं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये विद्यार्थी-सहभागाचा सिद्धान्त मांडला. विद्यार्थी शरीराने आणि मनाने जितका गुंततो तितकं त्याच्या पदरात पडतं, हे त्याचं सार. सहभागाची ही बाजू सगळे उचलून धरतात. विद्यार्थ्याचा वेळ मर्यादित असतो, हेही त्यांनी तिथेच बजावलं आहे, त्याकडे मात्र कोणी फारसं बघत नाही. तीन ठिकाणी वाटलेला वेळ कुठेच पुरत नाही, आणि अभ्यास तक्रार करत नाही म्हणून पहिली कात्री त्यालाच लागते.

मंडळ निवडताना एवढं बघायला सांगा : वर्गणीचा हिशेब सर्वांसमोर मांडला जातो का, आणि नव्या मुलांना नुसतं राबवून घेतात की कामही शिकवतात? वरिष्ठ विद्यार्थी त्रास देत असतील किंवा पदांवरून गटबाजी चालू असेल, तर तिथून बाहेर पडण्यात कमीपणा नाही.

बोलताना सुरुवात गुणांवरून करू नका, तो लगेच बचावाला उभा राहील. ‘तू गेला नाहीस तर कोणत्या मंडळाचं काम अडेल?’ एवढंच विचारा. एखादं नाव चटकन आलं, तर ते मंडळ ठेवावं. कोणतंच आलं नाही, तर त्याला सर्वांत आवडतं ते ठेवावं आणि येत्या सत्रात एका कार्यक्रमाची पूर्ण जबाबदारी मागून घ्यावी. परीक्षेआधीचे तीन आठवडे बैठकांना येणार नाही, हे ती घेतानाच सांगून टाकावं. सत्राच्या सुरुवातीला सांगितलं तर कोणी हरकत घेत नाही. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर सांगितलं, तर सगळे घेतात.