नाइट ड्युटी संपवून घरी आल्यावरही वॉर्ड डोक्यातून जात नाही. मी या कामासाठी कमकुवत आहे का?

खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करून घरी आल्यावर तुम्हाला झोप लागत नाही, एखादे इंजेक्शन द्यायचे राहिले की काय या शंकेने तुम्ही वॉर्डात पुन्हा पुन्हा फोन करता, क्षुल्लक कारणाने रडू येते, आणि वरिष्ठ सिस्टर ‘सवय होईल’ एवढेच सांगतात. अशा स्थितीत आपण कमकुवत आहोत का आणि नोकरी सोडावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी शासकीय रुग्णालयात आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि नंतर परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून काम केले आहे. तुम्ही कमकुवत नाही, हे मी पूर्ण खात्रीने सांगते.

रात्री तुमच्या एकटीकडे किती रुग्ण असतात, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १ परिचारिका असावी, शिवाय रजा धरून ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे. प्रत्यक्षात रात्रपाळीत एका सिस्टरकडे वीस-पंचवीस रुग्ण असणे आपल्याकडे नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाने पूर्ण थकून जाण्याची, नोंद आहे, पण ती आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण सतत राहिला आणि त्याची नीट दखल घेतली गेली नाही की येणारी ती अवस्था आहे, असे तिथे म्हटले आहे. म्हणून योगासने किंवा ध्यान यांनी तुम्हाला बरे वाटत असेल तर ते अवश्य करा, परंतु माणसे कमी असल्यामुळे येणारा ताण केवळ श्वसनाच्या व्यायामाने जात नाही आणि तो गेला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. एका रात्री किती रुग्ण होते, त्यांपैकी गंभीर किती, मदतीला मावशी किंवा मामा (वॉर्डातले मदतनीस) होते की नव्हते, याची तारखेसह नोंद ठेवा आणि ती लेखी स्वरूपात मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, द्या. तोंडी तक्रार विसरली जाते, कागद फाइलला लागतो.

‘काहीतरी राहिले’ ही शंका मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे आणि तिचा उपाय सकाळच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवण्यात, आहे. नर्सिंग स्टेशनवर उभ्या-उभ्या रजिस्टर वाचून ओव्हर देऊ नका, येणाऱ्या सिस्टरला बरोबर घेऊन प्रत्येक बेडजवळ जा. चालू सलाईन किती उरले आहे, इन्फ्युजन पंपाचा रेट काय आहे, कॅथेटरच्या बॅगेत किती लघवी आहे, पुढचा डोस किती वाजता आहे, कोणता रिपोर्ट यायचा आहे, हे दोघींनी मिळून पाहा आणि इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराईड यांसारख्या, चूक झाल्यास मोठा धोका असलेल्या औषधांच्या नोंदींवरून एकदा बोट फिरवा. औषध दिल्या क्षणी चार्टवर सही करण्याची सवय असेल, तर घरी शंका आली तरी ‘सही केली आहे’ हे तुम्हाला आठवते. त्यावरही फोन करावासा वाटला तर एकदाच करा, विचारायचे सगळे त्याच फोनमध्ये विचारा आणि उत्तर मिळाल्यावर तो विषय तिथेच थांबवा.

झोपेकडे मी ड्युटीइतक्याच गांभीर्याने पाहते. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शिल्लक असते, त्यामुळे रात्री दोननंतर चहा-कॉफी टाळावी. डोळे जड झाले असतील तर दुचाकीला किल्ली लावण्यापूर्वी चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. घरी आल्यावर हलका नाश्ता, अंघोळ आणि खिडक्यांना जाड पडदा, एवढे पुरते. खरी अडचण बहुतेक घरांत निराळीच असते. नाइटवरून आलेली सून किंवा लेक दिवसा घरी दिसली की ती मोकळी आहे असे समजले जाते आणि गॅस सिलिंडरपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळे तिच्यावर येते. महिन्याची ड्युटी लिस्ट स्वयंपाकघरात लावा आणि नाइटनंतरचे झोपेचे तास लाल पेनाने खुणा करून ठेवा. माझ्या वॉर्डातल्या अनेक मुलींना याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे, कारण त्यामुळे दर वेळी भांडून झोप मागावी लागत नाही.

रडू येण्याबद्दल थोडे सांगायला हवे. पहाटे चार वाजता रुग्ण दगावतो, आपण त्याच्या नळ्या काढतो, अंग पुसतो, नातेवाइकांना धीर देतो आणि तासाभरात त्याच बेडवर नवीन ॲडमिशन येते. दुःखाला कुठे जागाच मिळत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टल्स या परिचारकाने मृत्यूनंतर संपूर्ण चमूने मिनिटभर त्या व्यक्तीसाठी शांत उभे राहण्याची पद्धत सुरू केली. तुमच्या वॉर्डात त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही, मावशींना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सोबत घेऊन पाहा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ असेच रडू येत राहिले, सुट्टीच्या दिवशीही झोप लागली नाही किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

नोकरी सोडण्याचा निर्णय सलग नाइट संपल्याच्या सकाळी घेऊ नका. आधी वॉर्ड बदलून मागा. ओपीडी, डायलिसिस किंवा ऑपरेशन थिएटरचे काम निराळ्या स्वरूपाचे असते. तरीही सोडायचे ठरले, तर पुढच्या मुलाखतीत पगाराआधी रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, सलग किती नाइट लागतात आणि त्यानंतर किती नाइट ऑफ मिळतात, हे विचारून घ्या.