कॉल आला, पण किडनी मिळाली नाही

"मॅडम, आता आमचा नंबर मागं जाईल का?"

किडनी प्रत्यारोपणासाठी बोलावणं येऊन तसंच परतावं लागलेली कुटुंबं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकदा हाच पहिला प्रश्न असतो. उत्तर सरळ आहे: नाही. यादीतलं नाव तसंच राहतं, डायलिसिसवर काढलेल्या काळाचे यादीत मिळणारे गुणही तसेच राहतात. पण हे ऐकूनही माणसं उठत नाहीत. मग लक्षात येतं की विचारायचं दुसरंच काहीतरी आहे.

वैशालीताईही अशाच बसून राहिल्या. (नाव आणि तपशील बदलले आहेत.) वय 44, घर नागपूरच्या नंदनवन भागात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विदर्भातल्या अवयववाटपाचं काम नागपूरचं झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) पाहतं. तिथं रुग्णालयामार्फत त्यांचं नाव नोंदवलेलं होतं. एका रात्री फोन आला: काही खाऊ नका, लगेच या. यजमानांनी मध्यरात्री मेहुण्याला उठवून पैशांची सोय केली. सासूबाईंनी टेकडीच्या गणपतीला नवस बोलला. वर्ध्याची बहीण पहाटेच्या एसटीनं निघालीसुद्धा. रुग्णालयात रक्त घेतलं, एक्स-रे झाला, एक डायलिसिस झालं, कागदांवर सह्या झाल्या. आणि सकाळी कोऑर्डिनेटर येऊन म्हणाल्या, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलं, या वेळी नाही करता येणार. किडनी यादीतल्या पुढच्या रुग्णाला गेली.

त्यानंतर ताईंनी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि एक डायलिसिस चुकवलं. तेव्हा डायलिसिसच्या सिस्टरनं त्यांना माझ्याकडे पाठवलं.

ताईंचे यजमान, ज्यांना मी भाऊ म्हणते, तणतणत होते. "कोणाचा तरी वशिला लागला असन, मॅडम. आमच्यासारख्याले कोण विचारते?" हा संशय मी खूप घरांत ऐकते, आणि तो नुसता झटकून टाकू नये असं माझं मत आहे. रात्रभर धावपळ करून रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाला कारण हवं असतं, आणि कोणी नीट सांगितलं नाही की तो आपलं आपण शोधतो. म्हणून त्यांना सावकाश समजावलं. काढलेली किडनी बर्फात फार तर दीड दिवस टिकते, आणि जितकी लवकर बसवाल तितकी बरी. म्हणून एका किडनीसाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावून ठेवतात. मग दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्तद्रव एकत्र करून पाहतात. रुग्णाच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, असतील तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतं. तरीही ऑपरेशन केलं, तर नवी किडनी काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होऊ शकते. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बसवली असती तरी गेली असती." त्यांचा राग तिथं बराचसा उतरला.

ताईंना मात्र ते उलटं लागलं. "म्हणजे दोष माह्याच रक्तात आहे." अशा अँटिबॉडी गरोदरपणात, रक्त चढवल्यावर किंवा आधीच्या प्रत्यारोपणानंतर तयार होऊ शकतात. ताईंची दोन बाळंतपणं झाली होती, दोनदा रक्तही चढवलं होतं. यात त्यांची काहीच चूक नव्हती. आणि निकाल त्या एका दात्यापुरताच असतो; दुसऱ्या दात्याशी हेच क्रॉसमॅच निगेटिव्ह येऊ शकतं. हे त्यांना तीन-चारदा सांगावं लागलं. असं सांगावं लागतंच.

पुढच्या भेटीत त्या एकट्याच आल्या. खूप वेळ पदराशी चाळा करून म्हणाल्या, "नाही होणार म्हटलं ना, तवा पयले बरं वाटलं मले. घरचे रडून राहिले होते आणि मले सुटल्यासारखं झालं."

हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि जवळजवळ प्रत्येकानं ते मान खाली घालूनच सांगितलंय. एवढ्या मोठ्या ऑपरेशनची भीती कुणाला वाटत नाही? ते टळलं की शरीर आधी सैल पडतं, दुःख मागाहून येतं. ऑपरेशन नको होतं असा याचा अर्थ होत नाही. एकाच सकाळी सुटकाही वाटते आणि आशाही मोडते.

त्याखाली अजून एक गोष्ट होती. "रातभर मी देवाले म्हणत होती, होऊ दे. म्हणजे त्या घरचं माणूस जाऊ दे, असंच मागितलं ना मी?" ही किडनी मेंदूमृत्यू झालेल्या दात्याची होती, म्हणून त्यांना मी कायदा सांगितला. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. नातेवाइकांची संमती त्याशिवाय वेगळी लागते. ताईंच्या प्रार्थनेचा त्या मृत्यूशी काहीही संबंध नव्हता. पण अपराधीपणा नुसत्या माहितीनं जात नाही. मी विचारलं, त्या घरासाठी काही करावंसं वाटतं का? दात्याचं नाव कळत नाही, भेटताही येत नाही. त्या म्हणाल्या, सांजवातीला त्यांच्या नावानं हात जोडीन. ते त्यांचं त्यांनीच ठरवलं.

नातेवाइकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे वाक्य निदान पहिले काही दिवस बोलू नका. रुग्णाला त्यानंतर रडायलाही जागा उरत नाही. त्यापेक्षा जेवलीस का विचारा, डायलिसिसला सोबत जा. डायलिसिस चुकवणं कोणत्याही दुःखात परवडत नाही. रक्तातलं पोटॅशियम आणि अंगातलं पाणी वाढून जीवावर बेतू शकतं. ताईंना हे मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, डायलिसिसच नको वाटू लागलं किंवा जगावंसं वाटेना, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना सांगा. 14416 या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

शेवटच्या भेटीत दोघं मिळून पुढच्या कॉलची तयारी करत होते. पोहोचल्याबरोबर विचारायचं, आम्ही पहिल्या क्रमांकावर की राखीव? ताप-खोकला असेल तर फोनवरच सांगायचं, नाहीतर तिथं गेल्यावर ऑपरेशन थांबतं. आणि क्रॉसमॅचचा निकाल येईपर्यंत मुलगा आणि मेहुणा सोडून कोणाला कळवायचं नाही. यावर ताई म्हणाल्या, "वर्धेवालीले तर सांगाच लागन, नाहीतर ते माह्याशी बोलनच नाही." भाऊंनी मान्य केलं. फोन आता पुन्हा चालू असतो, रात्री तो भाऊंच्या उशाशी ठेवायचा असं ठरलंय. दुसरा कॉल अजून आलेला नाही.