जागेची अडचण

कोल्हापूरच्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलंय: रेणूत मोठे गट दाटीवाटीने बसले की अभिक्रिया मंदावते, त्या 'स्टेरिक हिंड्रन्स'ला मराठी नोट्समध्ये 'त्रिमितीय अडथळा' लिहू की 'अडसर'? आणि अभिक्रियेचा 'वेग' की 'दर'?

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे: दर. मार्केट यार्डात गुळाचा भाव क्विंटलमागे, तसा इथला हिशोब सेकंदामागे. (असा दर पहिल्यांदा नीट मोजला तो विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५० मध्ये, उसाच्या साखरेवर. ऊसवाल्यांच्या गावाला हे ठाऊक असावं.)

आता पहिला. 'त्रिमितीय अडथळा' मला पटत नाही. जगातला कुठला अडथळा त्रिमितीय नसतो? 'अडसर' दिसायला देखणा, पण तो जुन्या वाड्याच्या दारामागचा दांडा. घातला की दार बंद, काढला की उघडं. रेणूत असं चालू-बंद नसतं. बाहेरून आलेला कण ब्रोमिनला हटवून त्याची जागा घेतो ती अभिक्रिया घ्या: मिथिल ब्रोमाइड झटकन वागतं, एथिल त्याहून सावकाश, आयसोप्रोपिल आणखी रेंगाळतं, कारण कार्बनभोवतीची दाटी वाढत जाते.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: अडचण. आपण तो हल्ली संकट या अर्थानेच लिहितो, पण बोलण्यात दाटीचा अर्थ अजून जिवंत आहे. "खोलीत नुसती अडचण झालीय." महाद्वार रोडला कुणी मोटारसायकल आडवी लावली की ऐकू येतंच, "गाडी जरा पुढं घ्या की ओ, अडचण होतीया."

निओपेन्टिल ब्रोमाइड बघा. येणाऱ्या कणाला ब्रोमिनच्या बरोबर पाठीमागून कार्बनपाशी शिरायचं असतं. या कार्बनला कार्बनशेजारी एकच, पण त्या शेजाऱ्याच्या अंगावर तीन मिथिल गट. एथिलच्या तुलनेत दर जवळजवळ लाखपट कमी. आपलं दार मोकळं, पण शेजाऱ्याने बोळात तीन गाड्या लावल्यात!

'अडसर' जिथे पार फसतो ती जागा वेगळीच. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडमध्ये ब्रोमिनच्या कार्बनवरच तीन मिथिल गट, म्हणून पाठीमागून शिरकाव जवळपास अशक्य, तरी पाण्यात त्याची अभिक्रिया चांगली चालते, कारण ब्रोमिन स्वतःच आधी बाहेर पडतो. मुख्य श्रेय उरलेल्या धनभारित कार्बनला शेजारचे गट इलेक्ट्रॉनांचा आधार देतात त्याला. पण दाटीही हातभार लावते: गटांमधले कोन सुमारे १०९ अंशांवरून १२० वर जातात, सगळ्यांना हातपाय पसरायला जागा मिळते. अडसराने कुणी बाहेर पडत नाही; अडचणीने पडतं. दिवाळीला घर भरलं की कोण कोण कट्ट्यावर जाऊन बसतात ते आठवा.

तेव्हा 'जागेची अडचण' लिहा, पहिल्या वेळी सोबत स्टेरिक हिंड्रन्सही लिहा, परीक्षकाची पंचाईत नको. आणि शब्द एकवचनीच ठेवा. 'जागेच्या अडचणी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला सातबारा आठवेल.